आजारी अशील

वकिलांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं.

भोरला त्यांच्या ओसरीवर ते गादीवर बसले होते, मी खाली. मध्ये फरशीवर माझे अकरा रुपये. चांदीचे गोठ मोडून आणलेले. त्यांनी ते हाताने उचलले नाहीत. टाकाच्या मागच्या टोकाने एकेक करून कारकुनाकडे ढकलले आणि विचारलं, "बाकीचे?"

"रावसाहेब, येवढंच हायती."

तेव्हा त्यांनी माझे हात पाहिले. बाजारात बैलाचा खांदा बघतात तसे. मनगटापासून कोपरापर्यंत.

"हात धडधाकट आहेत तुझे. फीचं पुढे बघू. तारखेच्या आधी दोन दिवस येत जा. मागल्या दारानं."

कारकून हसला. मी मान हलवली. मला वाटलं, देवमाणूस भेटला. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी हिर्डोशीची. नवरा तापाने गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. नवरा आणि थोरले दीर यांची वाटणी आधीच झालेली. पंचांसमोर कागद झाला होता, त्यावर दोघांची निशाणी होती. नदीकाठचं भाताचं खाचर आमच्या वाट्याला आलं होतं. नवरा गेला आणि पुढच्याच पावसाळ्यात दिराने त्यात औत घातलं. म्हणाले, "कसली वाटणी? दोन घास घालीन. जमीन न्हाई मिळायची." आमचेच दात, आमचेच ओठ. गावाने कानावर हात ठेवले. पण कागद माझ्याजवळ होता, म्हणून मी भोरची वाट धरली.

तो कागद पहिल्याच दिवशी वकिलांनी मागून घेतला आणि तांबड्या फडक्यात बांधून ठेवला. म्हणाले, "माझ्याकडे असू दे. तुझ्या घरात उंदीर खातील." मी दिला. फी किती ते विचारलं नाही. त्यांनी सांगितली नाही. डॉक्टराला, वकिलाला आणि देवाला किती घेणार म्हणून विचारायचं नसतं, असं आमच्यात समजतात. यातला देव तेवढा थोडक्यात भागवतो, बाकीच्या दोघांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. "घरंदाज बाईनं कोर्टाची पायरी चढू नये. मी आहे ना तुझ्या वतीनं बोलायला." मला त्याचं बरंच वाटलं. कोणीतरी मला घरंदाज म्हणालं होतं. आमच्या खोऱ्यातल्या बायकांचा दावा असला तर त्या वकिलाच्या परसात बसत आणि कोर्टात वकील जात. हीच रीत होती. मीही तशीच बसले. बसले कसली, राबले.

हिर्डोशीहून भोर म्हणजे पायी पुरा दिवस. मुलगी शेजारणीकडे ठेवायची, पहाटे निघायचं, दिवेलागणीला वकिलांच्या मागल्या दाराशी उभं राहायचं. वकिलांची बायको, त्यांना सगळे वैनीसाहेब म्हणत, पायरीवरून सांगायच्या, "आलीस का? उखळ धुऊन ठेवलंय."

पहिली तारीख भातं घरात आल्यावरची. वर्षाचा भात कांडून झाला. दुसरी शिमग्याआधी. पोहे कांडले, सगळं घर सारवलं. तिसरी उन्हाळ्यात. पापड, कुरडया, सांडगे. चौथी पावसाच्या तोंडावर, तेव्हा लाकडं फोडून रचली. पाचवीला त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, तिचे कपडे आणि न्हाणीचं पाणी माझ्याकडे. सहावी पुन्हा भाताची. दोन दिवस काम, तिसऱ्या दिवशी तारीख. संध्याकाळी वकील कोर्टातून यायचे, पगडी खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, "पुढची तारीख पडली." मी विचारायची, "रावसाहेब, आता किती दिस?" ते म्हणायचे, "कोर्टाच्या मनात येईल तेव्हा." मला ते पटायचं. सरकारी काम, आमच्यासारख्यांच्या हातात काय असतं?

मध्येच कारकून परसात कागद घेऊन यायचा. मी पदराला हात पुसायची, अंगठा उठवायची. एकदा विचारलं, "काय लिवलंय ह्यात?"

"तुझ्या भल्याचंच," तो म्हणाला.

सातव्या तारखेला वकील चष्मा विसरून गेले. गडी बाजारात गेला होता. वैनीसाहेबांनी मुसळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि चष्म्याचं घर हातात दिलं. "पळत जा. कोर्टात देऊन ये. पायरीवरूनच दे."

पायरीवर कोणीच नव्हतं. शिपाई आत होता. मी दारापर्यंत गेले. आणि तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं. नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. एकदा, दोनदा, तीनदा. आयुष्यात माझं पुरं नाव इतक्या मोठ्यांदा कोणी घेतलं नव्हतं.

वकील उठले. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"माझी अशील आजारी आहे. अंथरुणाला खिळून आहे, हिर्डोशीहून येऊ शकली नाही. मागल्याप्रमाणे मुदतीचा अर्ज दिला आहे. अंगठा आहे तिचा."

मागल्याप्रमाणे. हा शब्द मी ऐकला. माझ्या केसात कोंडा होता, हाताला फोड आले होते, आणि मी अंथरुणाला खिळले होते. सात वेळा. तारीख कोर्ट देत नव्हतं. वकिलांचं स्वयंपाकघर देत होतं.

मी आत पाऊल टाकलं.

"म्या हितं हाय."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोण ही बाई?"

वकिलांनी वळून पाहिलं. एक क्षण. तेवढाच त्यांना लागला. "माझ्या घरी कामाला असते, साहेब. चष्मा घेऊन आली आहे."

आणि खरंच माझ्या हातात चष्मा होता.

"न्हाई सायेब. आत्ता पुकारलं ते नाव माजं हाय."

न्यायाधीशांनी विचारलं, "या बाईला इथे कोणी ओळखतं का?"

कारकुनाने दप्तरात डोकं घातलं. समोरच्या बाकावर माझे थोरले दीर बसले होते. आमच्यात थोरल्या दिरापुढे बाई पदर ओढून उभी राहते, त्याच्याशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. त्या दिवशी पदर खांद्यावर टाकला आणि त्यांच्याकडे पाहून बोलले.

"भावजी, तुमी सांगा. म्या कोन?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुदत मिळाली की आणखी एक पीक त्यांचं. त्यांना हिशेब करायला वेळ लागला नाही.

"न्हाई वळखत, सायेब."

त्यांचा वकील खाली बघून हसला. न्यायाधीशांनी मुदत दिली. शिपायाने माझ्या दंडाला धरून बाहेर काढलं. चष्मा माझ्याच हातात राहिला होता. तो मी शिपायाजवळ दिला. फेकावासा वाटत होता, आपटावासा वाटत होता, पण दिला. इतकी मी तेव्हा भित्री होते. त्याची लाज मला अजून वाटते.

संध्याकाळी मी पुढल्या दाराने ओसरीवर गेले. म्हटलं, "रावसाहेब, माजा कागद द्या."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कारकुनाला म्हणाले, "हिची फी वाचून दाखव."

कारकुनाने वाचलं. दावा लिहिण्याची फी. हजर राहण्याची फी, सात वेळा. मुदतीच्या अर्जाची फी, सात वेळा. मी आजारी आहे असं खोटं लिहिण्याचे पैसेसुद्धा त्यांनी माझ्याच नावावर लावले होते. एकूण एकशे बारा रुपये. तेवढ्यात तसली दोन खाचरं आली असती.

"आनि म्या राबले ते?"

"ते तुझ्या जेवणात गेलं," वकील म्हणाले. "दोन्ही वेळा जेवत होतीस ना? फी दे, कागद घेऊन जा. नाहीतर वाळवणं राहिली आहेत, ती कर. पुढच्या तारखेचं बघू."

मी त्यांच्या ओसरीवर उभी होते आणि माझ्याजवळ काही नव्हतं. पैसा नाही, कागद नाही, ओळख देणारं माणूस नाही. पण वैनीसाहेबांनी आतून हाक मारली, "अगं, उखळात तांदूळ तसेच पडलेत," तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "म्या न्हाई कांडायची. तुमचं तुमी कांडा." त्या रात्री मी उपाशी, देवळाच्या कठड्याला टेकून बसले, आणि उजाडल्यावर हिर्डोशीला चालत गेले.

पुढच्या तारखेला मी स्वतः कोर्टाची पायरी चढले. नाव पुकारलं, मी उभी राहिले. या खेपेला कोणी ओळख मागितली नाही. हरायला आलेल्या माणसाची ओळख लागत नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "वाटणीचा कागद कुठे आहे?"

"रावसाहेबांकडं."

वकील उठले. म्हणाले, यांच्याकडून फी येणे आहे, आणि फी मिळेपर्यंत कागद ठेवून घेण्याचा वकिलाला हक्क आहे. न्यायाधीशांनी मान हलवली. तसा हक्क होता म्हणे. माझ्या बाजूचा हक्क कुठल्या पुस्तकात होता ते कोणी सांगितलं नाही. पुरावा नाही म्हणून दावा काढून टाकला. सगळं मिळून अर्धी घटकासुद्धा लागली नाही, आणि याच अर्ध्या घटकेसाठी मी दोन वर्षं मुसळ मारलं होतं.

खाचर दिराकडेच आहे. लावणीला मी त्याच नदीकाठी दुसऱ्याच्या शेतात वाकते. चार हातांवर माझं शेत असतं, मी तिकडे पाठ करून रोपं लावते. मुलीचं लग्न झालं. मी गावच्या मास्तरांकडून पाटीवर अक्षरं शिकले. लिहिता येतं, पण वाचायचा तो कागद माझ्याकडे नाही.

भोरच्या बाजाराच्या दिवशी मी वकिलांच्या ओसरीसमोर उभी राहते. आत जात नाही. रस्त्यावरूनच म्हणते, "रावसाहेब, माजा कागद द्या." पहिल्यांदा गडी अंगावर आला. मग पोलीस आला, त्याने एक दिवस बसवून ठेवलं. मी पुढच्या बाजाराला गेले. वकील आता म्हातारे झालेत. माझा आवाज ऐकला की दार लावून घेतात. कागद देत नाहीत. दिला तरी खाचर परत येणार नाही, एवढं मलाही कळतं.

मागच्या बाजाराला ओसरीवर वेल्ह्याकडची एक बाई बसली होती. तरणी, कपाळ मोकळं, मांडीवर फडक्यात बांधलेला कागद. मी तिला रस्त्यावरून सांगितलं, "बाई, आदी इचार किती घेनार. लिवून घे. कागद हातातनं सोडू नगंस."

तिने माझ्याकडे पाहिलं. वेडी आहे असं वाटलं असेल. मग आतून हाक आली आणि ती कागद घेऊन उठली. तिला तरी दुसरा वकील कुठे होता? बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते. कारकून तिला मागल्या दाराची वाट दाखवत होता.

मी तिला थांबवू शकले नाही. पण तिचं नाव आणि गाव विचारून घेतलं आहे. तिची तारीख शिपायाकडून काढली आहे. त्या दिवशी मी परसात जाणार, तिच्या हातातलं मुसळ काढून घेणार आणि तिला हाताला धरून कोर्टात नेऊन उभी करणार. मग वकील उठून ती आजारी आहे म्हणू देत.