पोस्टरबाई खड्ड्यात उतरते

सिनेमा थिएटर बंद झालं आणि तिकीटबाईची नोकरी गेली. थिएटरच्या जागी फर्निचरचं दुकान आलं. दुकानाच्या मालकाने तिला विचारलंही, “सोफे विकाल का?” पण गिऱ्हाइकाला सोफ्यावर बसवून आपण दिवसभर उभं राहायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. तिकीटखिडकीत तिचं आयुष्य बरं चाललं होतं. काचेला खाली एक भोक, भोकातून पैसे आत, तिकीट बाहेर. इतकी वर्षं गावाने तिची फक्त बोटं पाहिली होती. चेहरा ओळखणारी माणसं घरातलीच काय ती.

वीज कंपनीची जाहिरात नवऱ्याने आणली. नवरा गाद्यांच्या दुकानात सेल्समन. दिवसभर गाद्या दाबून दाखवायच्या, त्यामुळे स्वभावही तसाच झालेला, कुठेही दाबा, पुन्हा वर येणार. तो म्हणाला, “केबल जॉइंटरची शिकाऊ जागा आहे. महिलांनी अर्ज करावा असं ठळक अक्षरांत लिहिलंय.”

“जॉइंटर म्हणजे काय?”

“केबल जोडणारा. तुटली की.”

“आणि तुटते का?”

“कंपनी इतकी ठळक अक्षरं काढतेय म्हणजे तुटतच असणार.”

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. पहिल्याने शिक्षण विचारलं. दुसऱ्याने अंधाराची भीती वाटते का विचारलं. तिसरा मात्र बराच वेळ तिच्याकडे मान तिरकी करून बघत होता. मग म्हणाला, “जरा हसून दाखवा.” तिला वाटलं, दात तपासत असतील, या कामात केबल दातांनी सोलावी लागत असेल. ती हसली. तिसरा साहेब समाधानाने मागे टेकला. तो कंपनीचा प्रसिद्धी अधिकारी होता, हे तिला नंतर कळलं.

त्याचं असं झालं होतं की कुठल्याशा बैठकीत वरच्या साहेबांना कुणीतरी विचारलं होतं, “तुमच्याकडे जॉइंटरमध्ये बाया किती?” वरच्या साहेबांनी तोच प्रश्न खाली पाठवला. तेव्हापासून खालच्या सगळ्या साहेबांची झोप उडाली होती. एक बाई मिळाली आणि सगळे झोपले.

पहिल्या दिवशी तिला नारिंगी हेल्मेट मिळालं आणि बूट मिळाले. बूट पुरुषांचे, तिच्या पावलाला होडीसारखे. पुढे कापूस कोंबून ती कंपनीच्या केबल-यार्डात पाऊल टाकणार, एवढ्यात फोटोग्राफर आडवा आला.

“मॅडम, हा गॅसचा टॉर्च धरा. असा. चेहऱ्याजवळ. अजून जवळ.”

“पण पेटलेला नाहीये तो.”

“ज्योत आम्ही कॉम्प्युटरवर टाकू. तुम्ही फक्त ज्योतीकडे बघितल्यासारखं बघा.”

तिने नसलेल्या ज्योतीकडे मन लावून बघितलं. पंधरवड्यात तो फोटो बसस्टॉपसमोरच्या होर्डिंगवर चढला. खाली लिहिलं होतं, ‘ती जोडते, शहर उजळते.’ तोवर तिने घरातली चार्जरची वायरसुद्धा जोडलेली नव्हती.

तिला ज्याच्या हाताखाली दिलं होतं, त्या जुन्या जॉइंटरला सगळं यार्ड मामा म्हणायचं. मामा माणसांशी फारसं बोलायचा नाही. केबलशी बोलायचा. खड्ड्यात उकिडवा बसून पुटपुटायचा, “कुठे दुखतंय गं तुला? इथे? असं कर बरं.” तिकीटबाईला पाहून तो पाठ फिरवून केबल सोलत बसला. तिला वाटलं, बाई म्हणून राग असणार. धीर करून तिने विचारलंच.

“बाईचं मला काही नाही,” मामा म्हणाला. “माझी आई बाईच होती. मला त्या कॅमेऱ्याचं आहे. खड्ड्यात दोन माणसं मावतात. तुमच्याबरोबर चार येतात.”

खोटं नव्हतं ते. तिने शिडीवर पाय ठेवला की प्रसिद्धी अधिकाऱ्याचा फोन आलाच म्हणून समजा. आज शाळेत भाषण, उद्या मुख्य कार्यालयात पाहुणे, परवा टीव्हीवाले. शाळेत ती ‘माझा प्रवास’ या विषयावर बोलायची. प्रवास घरापासून यार्डापर्यंतचा होता आणि बसने व्हायचा, त्यामुळे दोन वाक्यांत आटपायचा. अधिकाऱ्याने मग तिला संघर्ष लिहून दिला. त्यात नवऱ्याचा विरोध होता. नवरा ते ऐकायला पहिल्या रांगेत बसला होता आणि विरोधाच्या जागी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता.

टॉर्च धरण्यात मात्र तिचा हात भलताच बसला. डावीकडून, उजवीकडून, गुडघा टेकून, घाम पुसत. जोडणीची बाकीची कामं कुणी फोटोत घेत नसे. केबल सोलताना माणूस केबलवर ओणवा होतो आणि फोटोत त्याची पाठ येते.

घरी सासूबाईंना होर्डिंगचं वेड लागलं. कुठेही जायचं असो, त्या त्याच स्टॉपवरून बस पकडायच्या. बस आली तरी चढायच्या नाहीत. बाजूला उभ्या असलेल्याला म्हणायच्या, “वर बघितलंत का? माझी सून. नाक थोडं मोठं आलंय, एरवी बेताचं आहे.” हळूहळू चाळीतली माणसं नादुरुस्त वस्तू घेऊन दारात येऊ लागली. कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, कुणाची घंटा. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती वस्तू ठेवून घ्यायची, नवरा मोबाइलवर व्हिडिओ बघून दुरुस्त करायचा, आणि सासूबाई वस्तू परत देताना म्हणायच्या, “सुनेने नुसता हात लावला.”

असंच निभावून गेलं असतं, पण कंपनीने तिला उत्कृष्ट जॉइंटरचा पुरस्कार जाहीर केला.

सभागृह भरलं होतं. मागच्या रांगांत यार्डातले जॉइंटर बसले होते, धुतलेल्या कपड्यांत अवघडलेले. तिचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानेही वाजवल्या. त्याच्या तळव्यांवर जुन्या भाजल्याचे डाग होते, टाळी कोरडी वाजत होती. व्यासपीठावर ढाल घेताना तिला एकदम लाज वाटली. साधीसुधी नव्हे, कानांपर्यंत गरम झाली. तिकीटखिडकीत तिने कुणाला कधी खोटं तिकीट दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच यार्डात गेली. मामा केबलच्या रिकाम्या रिळावर बसून चहा पीत होता.

“मामा, मला शिकवा.”

“पुरस्कार मिळाला की.”

“म्हणूनच म्हणतेय.”

मामाने चहा संपवला, पेला उपडा केला. “शिकवतो. पण चेहरा झाकून ये.”

तेव्हापासून ती डोळ्यांवर कामाचा चष्मा, नाकातोंडावर जाड फडकं आणि अंगावर मामाचा जुना, मळलेला डगला घालून यायला लागली. प्रसिद्धी अधिकारी एकदा तिला शोधत थेट खड्ड्याच्या काठाशी आला. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून टाचांवर उभा राहिला.

“आमच्या मॅडम कुठे आहेत?”

मामाने वर पाहिलं, खाली पाहिलं. “इथे मॅडम नाहीत. एक शिकाऊ आहे फक्त.”

“फोनही उचलत नाहीत.”

“हात रिकामा असेल तर उचलेल ना माणूस,” फडक्याआडून शिकाऊ बोलली. अधिकारी “बरोबर आहे” म्हणाला आणि निघून गेला. खड्ड्यात मामा हसला. तो हसतो हे तिला तेव्हा कळलं.

शिकणं सोपं नव्हतं. जाड केबल म्हणजे कांद्यासारखा प्रकार, एकाखाली एक थर. वरचं काळं कवच, आत पोलादी पट्ट्या, मग तारांचे तीन गाभे. प्रत्येक गाभ्यावर एक पातळ काळा थर, तो सोलायचा, पण खालच्या पांढऱ्या थराला पातं लागू द्यायचं नाही. केसाएवढा चरा पडला तरी पुढेमागे तिथूनच वीज फुटणार. तिचे चरे केसाएवढे नव्हते, वेणीएवढे होते. मामा रागवायचा नाही. तो तुकडा उचलून उन्हात धरायचा आणि इतका वेळ बघायचा की तिला वाटायचं, याने सरळ शिव्या द्याव्यात. मग दुसरा तुकडा पुढे सरकवायचा. भंगारातल्या केबलचा ढीग कमी होत गेला आणि हळूहळू चरेही.

मग एका दुपारी बेकरीच्या गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली. गल्लीची वीज गेली. बेकरीवाला डोक्याला हात लावून उभा, ओव्हनमध्ये पाव अर्धे फुगलेले. लाइन बंद करून, तपासून मामा खड्ड्यात उतरला, तुटलेली टोकं पाहिली आणि तिला म्हणाला, “तू कर.”

तिने फडकं नाकावर घट्ट ओढलं. आणि ती बसली. काठावर ही गर्दी जमलेली. ज्यांनी आयुष्यात बल्ब बदलला नव्हता तेही सल्ला देत होते. “लाल लालला लावा.” “अहो, आधी सेल काढा!” उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून तिने फडकं खाली ओढलं, आणि वरून कुणीतरी ओरडलं, “अरे, ही तर होर्डिंगवाली!” झालं. सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले.

तिने मान वर केली नाही. कवच कापलं. पट्ट्या कापल्या. काळा थर असा सोलला की पांढऱ्यावर ओरखडा नाही. टोकं समोरासमोर आणली, धातूची नळकांडी चढवली, यंत्राने दाबून घट्ट केली. तिन्ही गाभे जोडले गेले. तिचं तिलाच खरं वाटेना. तिने टॉर्च उचलला, हाताच्या सवयीने चेहऱ्याजवळ धरला आणि पेटवला. या वेळी ज्योत खरी होती.

आणि मग तिला ताडपत्रीवर पडलेल्या नळ्या दिसल्या. जोडावर ओढून, तापवून आवळायच्या लांब नळ्या. त्या टोकं जोडण्याआधी केबलवर सरकवून ठेवायच्या असतात. आता केबलला टोकच उरलं नव्हतं. बांगडी घालायची राहिली आणि दोन्ही हात एकमेकांना शिवून टाकले, तशातली गत.

तिने टॉर्च विझवला. “मामा.”

“हं.”

“तुम्ही पाहिलं होतं?”

“पाहिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर नळ्या आज चढल्या असत्या. उद्या मी कुठे असतो प्रत्येक खड्ड्यात?” त्याने करवत पुढे केली. “काप.”

स्वतःच्या हाताने केलेला जोड तिने स्वतःच्या हाताने कापला. काठावरचे लोक आनंदाने शूटिंग करत होते. केबल आता आखूड पडली, म्हणून मध्ये नवा तुकडा घालायचा आणि एकाचे दोन जोड करायचे अशी पाळी आली. एक मामाने केला, एक तिने. तिने आधी नळ्या चढवल्या, मग त्यांच्याकडे असं टक लावून पाहिलं की जणू त्या पळून जातील. संध्याकाळी तपासणीचं यंत्र लावलं, काटा जिथे हवा तिथे गेला. मामाने तिच्या जोडावरून बोट फिरवलं आणि मजुरांना म्हणाला, “टाका वाळू, बुजवा.” त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक यार्डात कुणी ऐकलेलं नव्हतं. बेकरीवाल्याने वीज येताच बसके पाव सगळ्या गर्दीला वाटले. तेही लोकांनी नावं ठेवत खाल्ले.

व्हिडिओ त्याच रात्री गावभर झाला. मथळा होता, ‘पोस्टरबाईची फजिती.’ दुसऱ्या दिवशी प्रसिद्धी अधिकाऱ्याने तिला बोलावलं. त्याचा चेहरा घरात काहीतरी वाईट घडल्यासारखा.

“मॅडम, कंपनीच्या प्रतिमेला तडा गेला.”

“जोडाला तडा नाही गेला, मी कापला तो.”

“होर्डिंग उतरवतोय. भाषणं बंद. टीव्ही बंद. मला वाईट वाटतं, पण यापुढे तुम्हाला...” त्याने चष्मा काढून पुसला, “फक्त काम करावं लागेल.”

“रोज?”

“दुर्दैवाने, रोज.”

तिने पडलेला चेहरा करून मान डोलावली. जिना उतरेपर्यंत तो चेहरा तिने कसाबसा टिकवला. होर्डिंगसाठी केलेली सगळी मेहनत इथे कामी आली.

यार्डात मामा म्हणाला, “वाळू चाळायची आहे.” ती चाळायला बसली.

घरी मात्र सुतक. होर्डिंगवर आता एका बल्बचं चित्र होतं, हसणारा बल्ब. सासूबाई कुणाशी बोलेनात, स्टॉपकडे फिरकेनात. सुनेला जेवायला वाढायच्या, पण वाडग्याकडे बघून. शेवटी शेजारच्या आजींनी विचारलंच, “तुमची सून हल्ली दिसत नाही वर?”

सासूबाईंचा ताठा एकदम जागा झाला. “तिची बढती झाली,” त्या म्हणाल्या. “आता ती जमिनीखाली असते.”

आजींना कमी ऐकू यायचं. बढती त्यांना ऐकू आली नाही, जमीन तेवढी आली. संध्याकाळी त्या आपल्या दोन्ही सुनांना घेऊन, पदराने डोळे टिपत दारात हजर. “फार चांगली होती हो,” म्हणून सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. गाद्यांच्या दुकानातून नुकताच आलेला नवरा हे ऐकून पिशवीसकट खाली बसला.

“अहो, जिवंत आहे!” सासूबाई ओरडल्या. “बेकरीच्या गल्लीपलीकडे जॉइंट मारतेय!”

एवढ्यात ती जिन्यावरून वर आली. केसांत वाळू, गालावर काळा डाग, हातात ते होडीसारखे बूट. दारातली गर्दी पाहून थबकली. “काय झालं? कुणाची लाइट गेली का?”

“नाही गं बाई,” सासूबाई तिचा हात धरून आत ओढत म्हणाल्या, “आधी आत ये आणि या आजींशी मोठ्याने बोल.”