बाबांचं रविवारचं नायट्रेट

विश्रांतवाडीत आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समुद्र आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद. त्याचं एकूण वजन किती भरतं हे मी सोसायटीच्या चेअरमनना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. त्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे राहतात आणि एक समुद्रफूल. हे फूल म्हणजे खरं तर प्राणी. जांभळ्या टोकांची शेकडो बोटं असलेली एक झुबकेदार मूठ म्हणा. मासे त्या बोटांत शिरून झोपतात. तेच त्यांचं घर.

मी शाळेत मराठी शिकवते आणि स्नेहसंमेलनाची नाटकं बसवते, त्यामुळे घरात माझं कुठलंही वाक्य निम्मं वजा करून ऐकलं जातं. हा खाऱ्या पाण्याचा टँक आणला तेव्हा नवऱ्यानं "हे कोण सांभाळणार?" एवढं विचारलं आणि तो हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये चढला. माझ्या हिशेबानं तो अजून त्याच बसमध्ये आहे. सांभाळायला पुढे आले ते माझे सासरे. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली, पण रविवारी सकाळी मी अजूनही आधी त्यांचं स्टूल काढते आणि मग तपासणीचं किट.

बाबांचं सगळं आयुष्य एका दूध डेअरीच्या तपासणी खोलीत गेलं. आलेल्या दुधात फॅट किती, पाणी किती, हे बाबा सांगणार आणि सगळे ऐकणार. निवृत्तीनंतर त्यांचं कोणी ऐकेना, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग एक दिवस त्यांनी माझ्या हातातली काचेची नळी पाहिली.

"हे काय आरंभलंयस?"

"नायट्रेट बघतेय, बाबा. माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जातं. फार वाढलं तर समुद्रफूल टिकत नाही."

"म्हणजे तपासणी," बाबा म्हणाले आणि नळी माझ्या हातातून गेली ती गेलीच.

दर रविवारी दहा वाजता पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून बाबा स्टुलावर बसत. नळी टँकच्याच पाण्यानं तीनदा विसळायची. खुणेपर्यंत पाणी भरायचं, तेही डोळा खुणेच्या रेषेत आणून. पहिल्या बाटलीतले दहा थेंब, दुसऱ्या बाटलीतले दहा थेंब, मग पाच मिनिटं गप्प बसायचं. पाण्याला रंग चढतो, तो कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. पिवळं म्हणजे उत्तम, नारिंगी म्हणजे सावध, लाल म्हणजे धडगत नाही. माझी भर एवढीच, की नळी ट्यूबलाइटखाली न बघता गॅलरीत न्यायची. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये दुकानदार स्वतःच ब्लाउजपीस घेऊन दाराबाहेर उन्हात येतो, ते मी किती वेळा पाहिलेलं! बाबांनी ही सूचना मान्य केली. "नाटकवाल्यांना उजेडाचं कळतं," असं प्रमाणपत्रही दिलं.

मग निकाल. "पाच. फार तर सहा."

"बाबा, कार्डावर सहा नाहीच. पाचनंतर एकदम दहा."

"कार्डावर नसेल. नळीत आहे."

आणि वहीत आकडा, खाली लफ्फेदार सही.

हे असं वर्षभर सुरळीत चाललं. दिवाळीनंतर समुद्रफूल आक्रसायला लागलं. बोटं आखडली, जांभळा रंग उडाला, काचेवर तपकिरी थर धरू लागला. मासे घर बंद असल्यासारखे कोपऱ्यात ताटकळायला लागले. माशांच्या दुकानातले म्हणाले, "ताई, नायट्रेट वाढलं असणार. थोडं थोडं करून निम्मं पाणी बदला." घरी येऊन मी तसं सांगितलं.

"पाच आहे," बाबा म्हणाले. "पाच असताना निम्मा समुद्र मोरीत ओतणार? अशक्त जिवाला आणखी धक्का देणार?"

आता पंचाईत बघा. पाच खरं असेल, तर पाणी बदलून मी त्या फुलाला उगाच मारणार. पाच खोटं असेल, तर न बदलून मारणार. सगळं त्या पाचावर येऊन थांबलं होतं. आणि पाचावर शंका घेणं म्हणजे बाबांवर. डेअरीत एकदा एक बडा दूधवाला भांडायला उभा राहिला, तेव्हा बाबांनी त्याच्यासमोर तीनदा नमुना तपासला आणि तिन्ही आकडे सारखे आले, ही गोष्ट मी लग्नाआधी ऐकली होती आणि नंतर दर सणाला ऐकत होते.

मी लबाडी करायचं ठरवलं. पोळी लाटता लाटता अगदी निरागसपणे विचारलं, "बाबा, डेअरीत तुमचं रीडिंग बरोबरच आहे हे तुम्हाला कसं हो कळायचं?"

बाबा खुलले. "सोपं आहे. रोज सकाळी पहिला नमुना माहितीतला. ज्याचं फॅट आधीच ठाऊक आहे, असा. तो बरोबर आला तरच पुढचे कॅन."

दुसऱ्या दिवशी घरच्या बादलीतलं, अजून टँकमध्ये न घातलेलं ताजं खारं पाणी घेऊन मी शाळेत गेले आणि आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना गाठलं. नायट्रेटसाठी त्यांना शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट लागणार होतं. "दिवाळी होऊन गेली की. आता कसले फटाके करतेस?" म्हणत त्यांनी प्रयोगशाळेच्या काट्यावर चिमूटभर शोरा मोजला, पाण्यात विरघळवला आणि बरोबर चाळीसचं पाणी करून दिलं. मी ते बाटलीत भरलं, चिठ्ठीवर चाळीस लिहून ती बाटलीच्या बुडाला चिकटवली आणि रविवारी बाटली बाबांसमोर ठेवली.

"हा काय प्रकार?"

"माहितीतला नमुना. आकडा खाली आहे. तुम्ही आधी तपासा."

"सूनबाई, नाटक शाळेत," बाबा म्हणाले, पण डोळे चमकले होते. तीनदा विसळणं, रेषेत डोळा, थेंब, पाच मिनिटं, गॅलरी.

"पाच. फार तर सहा."

मी बाटली उचलली, थोडं थांबले (पडदा वर जायच्या आधी थांबतात तशी) आणि उलटी केली. बुडावर चाळीस.

असा क्षण मी आयुष्यभर रंगमंचावर शोधत आले. तो हॉलमध्ये मिळाला आणि मला तो नको झाला. बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा तपासलं. पाच. मग स्टुलावरून उठले.

"आता तू कर. मी बघतो."

मी पहिले थेंब टाकले. दुसरी बाटली घेतली आणि माझ्या स्वभावाला धरून ती खुळखुळ्यासारखी जोरजोरात बडवायला लागले.

"अगं हळू! हळू! फेस येईल!"

ओरडता ओरडता बाबा थांबले. मीही थांबले.

"तुम्ही कशी हलवता, बाबा?"

त्यांनी बाटली घेतली आणि दाखवली. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी एकदा उलटी, एकदा सुलटी. दुधाचा नमुना असाच हाताळतात. घुसळला की लोणी सुटतं, फेस आला की माप चुकतं. बाबांचे हात तेवढंच शिकले होते, आणि इतकं पक्कं की किटच्या कागदावरचं बारीक अक्षर वाचायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. आता त्यांनी भिंग मागितलं. कागदावर स्पष्ट होतं, दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा. तिच्यातली पूड तळाशी बसते. पूडच नळीत गेली नाही, तर रंग चढणार कुठून?

बाबांनी अर्धा मिनिट बाटली हलवली, घड्याळ लावून. माहितीतला नमुना लाल झाला. चाळीस. मग टँकचं पाणी. ते कार्डाच्या शेवटच्या चौकोनाइतकं गर्द लाल झालं.

मी पाण्याच्या बादल्या काढायला लागले. बाबांनी वही काढली. पहिल्या पानापासून एकेका आकड्यापुढे "अविश्वसनीय" लिहायचं आणि खाली सही करायची, असं सुरू झालं.

"बाबा, शेवटी एकदाच लिहा ना, सगळ्यांसाठी मिळून."

"सह्या एकदाच केल्या होत्या का?"

पुढचे काही आठवडे आम्ही एक दिवसाआड एकेक बादली पाणी बदललं. बादली मी उचलायची, मिठाचं माप बाबांचं. एका सकाळी चहाच्या वेळी बघते तर समुद्रफूल उमललेलं, आणि दोन्ही मासे आत, अगदी मालकी हक्कानं. मी असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. बाबा टँककडे पाठ करून पेपर वाचत होते.

"बाबा, बघा तरी!"

"फूल उमललं म्हणून नायट्रेट उतरलं असं होत नाही. तीन रविवार सारखे येऊ देत."

आणि खरंच पाहिलं नाही. येता-जाता भिंतीकडे तोंड करून चालायचे. मी मुद्दाम टँकसमोर उभी राहून "अय्या, किती गोड!" म्हणायचे, तर पेपर आणखी वर जायचा.

पहिले दोन रविवार सारखे आले. तिसऱ्या रविवारी पूर्ण बाह्यांचा शर्ट आला. पहिला नमुना माहितीतला. चाळीस, बरोबर. मग टँकचं पाणी. नळी घेऊन बाबा गॅलरीत गेले आणि उन्हात बराच वेळ उभे राहिले.

"दहा."

मी वाट पाहिली. "फार तर?"

"दहा," बाबा म्हणाले आणि सही केली.

मग त्यांनी स्टूल उचललं, टँकसमोर आणून ठेवलं आणि बसले. त्या दिवशी मी त्यांचं जेवण दोनदा गरम केलं.