कृष्णेच्या खडीतली हाडं

माझी धाकटी बहीण गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिची दोन्ही मुलं मी सांगलीला माझ्याकडे आणली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. त्यांचे वडील सैन्यात. रजा संपली तसं त्यांना परत जावंच लागलं. एरवी मुलं कुंडलला आजी-आजोबांजवळ असायची. मेहुणे फोनवर म्हणाले होते, "आक्का, पोरास्नी जरा भाईर काढा. घरात नुसती गप बसत्यात."

बाहेर काढायचं म्हणजे न्यायचं कुठं? माझी शेजारीण कॉलेजात शिकवते. तिनं तिथलं प्राण्यांचं छोटं संग्रहालय दाखवायला बोलावलं. बरण्यांत साप होते, पेंढा भरलेला बिबट्या होता. धाकटा त्या बिबट्याला भिऊन माझ्यामागं लपत होता आणि परत परत त्याच्याकडेच जात होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना ऐकलं.

मुलगी मात्र एका कपाटापाशी थांबली. आत दगड झालेली हाडं होती.

"हे रानबैलाचं," शेजारीण म्हणाली. "आपल्या कृष्णेच्याच काठी सापडलं, जुन्या खडीत."

"नदीत हाडं ऱ्हात्यात?"

"राहतात की! हजारो वर्षं राहतात. हळूहळू त्यांचा दगड होतो."

प्रश्न आवडला म्हणून शेजारणीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मलाही बरं वाटलं, पोरगी बोलली म्हणून. ती जागा बघायचीय असा तिनं हट्टच धरला, तेव्हा मी पत्ता विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघांना घेऊन गेले.

नदी बरीच आटली होती. कापलेल्या काठाखाली गोट्यांचा पांढुरका पट्टा उघडा पडला होता. धाकटा पाण्यात खडे मारत बसला. मुलगी वाकून एकेक गोटा उलटत होती, आणि त्यातले फिकट, हलके तेवढे फ्रॉकच्या ओच्यात टाकत होती.

"बैलाचं हाड एवढं बारीक नसतं गं," मी म्हणाले.

"बैलाचं कुठं हुडकतीया मी?" तिनं मान वर केली नाही. "आज्ज्यानं आईला वरल्या अंगाला सोडलं न्हवं? पानी हिकडंच येतंय की."

काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"बाळा, ती राख होती. राख पाण्यात विरघळून जाते."

"न्हाई. मी बघितलंय. गाडग्यात हाडं बी हुती."

सावडायच्या दिवशी मुलांना शेजारी पाठवलं होतं. तिनं कुठून आणि कधी बघितलं, कोण जाणे. विचारायची माझी छाती झाली नाही.

धाकटा ओल्या पायांनी आमच्याजवळ आला. "आई दगड झाली?"

"आजून न्हाई," ती त्याला समजावत म्हणाली. "लय वर्सं लागत्यात."

तो मान डोलावून परत पाण्याकडे गेला. मला त्या दोघांना जवळ घ्यायचं होतं, खरं सांगायचं होतं. पण त्यातलं कुठलं खरं तिच्या हाती द्यावं, हे समजेना. चल म्हणून दंडाला धरलं तर तिनं हात सोडवून घेतला. रागानं नाही, कामात होती म्हणून. शेवटी मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि गोटे उलटायला लागले. एक पांढरा खडा दाखवला तर तिनं तो नखानं खरवडून पाहिला आणि टाकून दिला.

संध्याकाळी मेहुण्यांचा फोन आला. मुलीनं त्यांना सगळं सांगितलं, संग्रहालयातल्या हाडापासून. मग ते म्हणाले, "मावशीकडं दे."

फोन घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

"आक्का," ते म्हणाले, "काय सांगू वो मी तिला?"

मी नुसतीच रडत राहिले, आणि तेही. कुणीतरी त्यांना हाक मारली तसा त्यांनी घसा साफ केला, "ठेवतो," म्हणाले आणि फोन बंद झाला.

सकाळी मी उठले तर ती केस विंचरून, पायात चपला घालून दारात उभी होती. धाकट्यालाही तिनंच तयार केलं होतं.

"ऊन व्हायच्या आत जाऊया, मावशी," ती म्हणाली.

मी पाण्याची बाटली भरली आणि गाडीची किल्ली घेतली.