तीन कोटेशनांचे तीन डोंगे

नागभीडच्या नूतन खोब्रागडेला तशी कशाचीच भीती वाटत नसे. जंगलातल्या वाटेवर अस्वल आडवं आलं, तरी ती गाडी बंद करून ते जाईपर्यंत शांत उभी राही. भीती वाटायची ती फक्त व्हाउचरची. वडील वामनराव रेल्वेच्या तिकीटखिडकीवर जन्मभर पैसे मोजून कंटाळलेले, म्हणून त्यांनी लेकीला समाजकार्य शिकवलं. समाजकार्यात पैसे मोजावे लागत नाहीत, अशी त्या भल्या माणसाची समजूत होती.

शिकून ती गडचिरोलीच्या एका संस्थेत लागली आणि माता-आरोग्याच्या प्रकल्पासाठी भामरागडकडची गावं फिरू लागली. त्यातलं कोसमटोला नदीपलीकडे. पाणी चढलं की गाव तिकडे आणि दवाखाना इकडे. मागच्या पावसाळ्यात बाळंतपणात अडलेली एक बाई पलीकडच्या काठावरच दगावली. नूतन अलीकडच्या काठावर उभी होती, आणि ते काही तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. यंदा त्याच गावच्या बुधरीची सून रंजीता पोटुशी होती. तिचे दिवस ऐन पावसात भरणार होते.

तेव्हापासून नूतनने एकच धोशा लावला, गावाला डोंगा पाहिजे. अख्ख्या खोडातून कोरलेली होडीच ती, तिथल्या माणसांना वल्हवता येईल अशी. अर्ज, विनवण्या, परत अर्ज करून शेवटी मुंबईच्या देणगीदारांनी एका डोंग्याचे पैसे मंजूर केले. आणि नेमकं तेव्हाच संस्थेचे संचालक गुणवंतराव यांच्या मनाने घेतलं, की फिरतीवरच्या पोरापोरींना आर्थिक शिस्त म्हणून नाही.

मग चंद्रपूरच्या एका हॉटेलात प्रशिक्षण झालं. नाव मोठं झोकदार, ‘वित्तेतर कर्मचाऱ्यांसाठी वित्तीय व्यवस्थापन’. बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि आत एसीत पोरी ओढण्या गुंडाळून कुडकुडत होत्या. काटकसरीचे धडे पनीरच्या दोन भाज्या आणि गुलाबजाम यांच्या आधाराने चालले होते. शिकवायला पुण्याहून अश्विन सर आले होते. त्यांनी डोंगा आयुष्यात पाहिला नव्हता, पण डोंगा खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“काहीही मोठं घ्यायचं तर तीन कोटेशन,” ते म्हणाले. “तिघांना विचारायचं, तुलना करायची, सगळ्यात स्वस्त असेल ते घ्यायचं. कळलं?”

सिरोंच्याकडच्या एकाने विचारलं, “सर, गावात एकच दुकान असन तं?”

“शोधलं की सापडतं,” सर म्हणाले.

जुनी खोडं एकमेकांकडे बघून गालात हसली. नूतनने मात्र ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिला पहिल्यांदाच वाटलं, की हा हिशेबाचा प्रकार काही इतका अवघड नाही.

आता डोंगा कोरणारी माणसं म्हणजे काही सिमेंटची दुकानं नव्हेत. एकाला विचारून बघू, दुसऱ्याला विचारून बघू, असला चालूपणा त्या नदीकाठी नाही. कोरणाऱ्याच्या अंगणात जाऊन तुम्ही डोंग्याचं नाव काढलंत, की तो आधी मोहाची दारू आणतो, पानाच्या द्रोणातून भुईवर धार सोडतो, मग द्रोण तुमच्या हाती देतो. तुम्हीही धार सोडलीत की बोलणं ठरलं. किंमत त्यानंतर सांगायची, तीही सहज, जाता जाता.

हे नूतनला माहीत नव्हतं का? बऱ्यापैकी माहीत होतं. पण ती हल्लीच प्रशिक्षित झाली होती. आधी ती कोसमटोल्याच्या कोलूकडे गेली. मग नदीच्या खालच्या अंगाला लोकेशकडे, मग वरच्या अंगाला बापूजी नावाच्या म्हाताऱ्याकडे. तिन्ही अंगणांत तिने धार सोडली, तिन्ही किमती ऐकल्या, कागदावर अंगठे आणि सह्या घेतल्या. कोलू सगळ्यात स्वस्त निघाला. कार्यालयात कागद देऊन ती समाधानाने घरी गेली. बाकीच्या दोघांना ‘तुमचा नको’ असं सांगायला हवं, हे अश्विन सरांनी शिकवलंच नव्हतं.

पावसाच्या तोंडावर कोलूचा निरोप आला. नूतन गेली, तर काठावर तीन डोंगे ओळीने उभे. कोलू, लोकेश आणि बापूजी सावलीत बिड्या ओढत बसले होते.

“मी तं फकस्त भाव इचारले होते,” ती कशीबशी म्हणाली.

“धार कोणं सोडली मंग?” बापूजीने विचारलं.

लोकेश आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेला, जरा तिरकस. तो म्हणाला, “बाई, तुमी तीन घरी सोयरीक पक्की करून राह्यले, अन् लगन एकाच घरी?”

पैसे नाहीत म्हणाली असती, तर तिन्ही गावांत तिच्या शब्दाला कुत्र्याने विचारलं नसतं. उद्या कोणती बाई तिच्या भरवशावर दवाखान्यात आली असती? ती तशीच गडचिरोलीला हिशेबनीस राजदीपपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

राजदीपने चष्मा काढला. “मॅडम, तुमी खरंच तिघांले विचारलं?”

“मग? नियमच आहे ना?”

“अवो, तीन कोटेशन एकाच माणसाकडून घ्यायचे असतात! आपला स्टेशनरीवाला तीन नावांचे लेटरहेड ठेवते. आजवर कोणी गेलं नाई तिघांकडे.” मग तो गुणवंतरावांच्या खोलीकडे बघत म्हणाला, “सायबांले सांगू नका, त्यांले वाईट वाटन.”

दोन डोंग्यांसाठी संस्थेकडे दमडी नव्हती. एखाद्या बाळंतिणीसाठी तर कोणत्याच शीर्षात कधी नसायची. पण तेवढ्यात मुंबईचे देणगीदार डोंगा बघायला यायचे ठरले, आणि अलिबाबाची गुहाच उघडली. पाहुण्यांना नदीपार न्यायचं, तर एका डोंग्यात कसे मावणार? राजदीपने ‘अतिथी प्रवास’ हे शीर्ष शोधून काढलं. निकड असल्यामुळे कोटेशनची गरज नव्हती. दोन डोंग्यांचं एका दिवसाचं भाडं इतकं लावलं, की त्यात त्यांची पुरी किंमत वसूल झाली. गुणवंतरावांनी न वाचता सही ठोकली. ते पाहुण्यांना द्यायच्या टोप्यांचा रंग ठरवण्यात गढले होते.

पाहुणे आले, डोंग्यात बसले, ओरडले, फोटो काढून गेले. नूतनने लोकेश आणि बापूजीचे पैसे चुकते केले आणि पावती पुढे केली. तिच्या मनावरचा धोंडा उतरला होता. लोकेशने पावती सावकाश वाचली.

“यात तं भाडं लिवलं हाय.”

“हो. तसंच लिहावं लागते, भाऊ.”

“म्हंजे डोंगा आमचाच ना?” त्याने सही केली, बापूजीचा अंगठा घेतला, आणि पैसे खिशात घालून दोघे आपापला डोंगा घेऊन गेले. नूतन काठावर बघत राहिली. अडवायचं तर कोणत्या कागदाच्या जोरावर?

उरला कोलूचा. तो रीतसर घेतलेला, म्हणून संस्थेची मालमत्ता. त्यावर निळा रंग, देणगीदारांचं नाव आणि क्रमांक आला. ऑडिटर डोळ्यांनी बघून जाईपर्यंत त्याला ओरखडा पडता कामा नये, म्हणून गुणवंतरावांनी त्याला साखळी घालून झाडाला कुलूप लावलं. किल्ली गडचिरोलीला नेली. नूतनने दोनदा मागितली. “आधी ऑडिट होऊ दे,” तिला सांगण्यात आलं.

ऑडिटरच्या आधी पूर आला आणि पुराबरोबर रंजीताच्या कळा. सकाळी बुधरी काठावर धावली, कुलूप हिसडून बघितलं. संस्थेची वस्तू तोडली तर पोलीस येतील असं तिला सांगून ठेवलं होतं. तिने खालच्या अंगाला माणूस पिटाळला. लोकेश प्रवाह कापत डोंगा घेऊन आला, आणि रंजीता पार झाली. दवाखान्यात पोरगी झाली. दोघी बऱ्या होत्या.

“त्या निळ्या डोंग्याचं काय करता आता?” लोकेशने नूतनला विचारलं. “कोंबड्या बसवा त्यात.”

ती हसली नाही. आठवडाभरात गुणवंतरावांचा फोन आला. डोंग्यामुळे एक जीव वाचल्याची गोष्ट देणगीदारांना पाठवायची होती, फोटोसकट, पुढच्या वर्षीचे पैसे त्यावर अवलंबून होते.

“सर, ती लोकेशच्या डोंग्यातून आली,” नूतन म्हणाली.

“तो आपल्या कागदावर आहे का?”

नव्हता. पुढच्या वर्षीचे पैसे म्हणजे तिचा पगार, आणि पलीकडच्या बायांची औषधंही. नूतनने बसून लिहिलं, की रंजीताला संस्थेच्या निळ्या डोंग्याने वेळेवर पार नेलं. भाषा सुंदर साधली, आकडे चोख बसले, एकही ओळ खोडावी लागली नाही. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचंच तिला मग रडू आलं.