बिराची हाळी

बर्फाच्या मुलखात आमची कंपनी चढली तेव्हा मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. गाव पाटणकडचं, त्यामुळे डोंगराचं मला अप्रूप नव्हतं. सेक्शनमध्ये सर्वांत नवा बिरा. जतकडच्या मेंढपाळाचं पोर, ट्रेनिंग संपवून नुकतंच आलेलं.

सकाळचा चहा लंगरमधून आणायचं काम त्याच्याकडे होतं. किटली घेऊन तो तंबूंसमोर उभा राहायचा आणि घरी मेंढरांना घालतात तशी हाळी घालायचा, "हुर्र्र्र, याऽऽ!" तंबूतंबूतून कंपनी उत्तर द्यायची, "बॅऽऽ!"

"बिरा, ही फौज हाय का मेंढवाडा?" मी दरडावायचो.

"फौजच हाय, उस्ताद. मेंढरं एवडा वेळ लावत न्हाईत."

मी पाठ फिरवून हसून घ्यायचो. आमचे कंपनी कमांडर, ओसी साहेब, त्यांनाही रोज ऐकू जायचं. ते नुसता चहाचा मग पुढे करायचे.

मग हुकूम आला. कड्यावरची शत्रूची पोस्ट घ्यायची, पुढे आमची प्लाटून, बाकीची कंपनी ओसी साहेबांबरोबर खाली कड्याच्या पायथ्याशी. पोस्ट हाती आली की रेडिओवर कळवायचं. उजाडेपर्यंत निरोप नाही आला, तर हल्ला फसला असं समजून आपल्याच तोफा माथा भाजून काढणार होत्या.

पोस्ट आम्ही घेतली. शेवटचा बंकर बिराने ग्रेनेड टाकून बंद केला आणि तिथेच त्याच्या पोटात मशीनगनचा बर्स्ट लागला. आमच्या ऑपरेटरचा रेडिओ गोळीने फुटला होता. धुकं इतकं दाट की सिग्नलचा गोळा उडवला तरी खालून दिसला नाही. रनर पाठवला, पण तो पोचायच्या आत उजाडणार होतं. आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलो, "साब, पोस्ट हमारा है!" खालून उत्तर नाही. कसं येणार? शत्रू रोजच हिंदीत हाका मारून आम्हाला फसवायला बघायचा. जिंकलेल्या माथ्यावर आपल्याच गोळ्यांनी मरायची पाळी आली होती.

"उस्ताद, मला बसवा," बिरा म्हणाला. "हाळी घालतो."

"पडून ऱ्हा. मी घालतो." मी घातली. खोकल्यासारखी निघाली.

"तसं न्हाई वं," तो म्हणाला. एवढ्या वेदनेतही त्याला हसू आलं होतं.

त्याला उठवून माझ्या छातीशी टेकवला. पहिली हाळी अर्ध्यातच तुटली. त्याने दम घेतला आणि दुसरी घातली, "हुर्र्र्र, याऽऽ!" कडे घुमले.

खाली सामसूम. मग धुक्यातून एकच आवाज आला, "बॅऽऽ!" आणि पाठोपाठ अख्खी कंपनी. ओसी साहेबांनी रेडिओवर "गन्स, होल्ड! वर आपलीच पोरं आहेत!" असं सांगितलं आणि मग स्वतःही बॅ केलं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"आली बगा समदी," बिरा म्हणाला. स्ट्रेचर वर पोचायच्या आत तो माझ्या अंगावरच गेला. मी ढसाढसा रडलो. त्याला धरलेल्या त्याच हातांनी माथ्यावर तिरंगा लावला, आणि त्या झेंड्याएवढा अभिमान मला पुन्हा कशाचा वाटला नाही.

त्या दिवशी दरवर्षी आम्ही त्याच्या गावी जमतो. कुणी उसाची लागण सोडून येतो, कुणी कुपवाडच्या कारखान्यातली वॉचमनची ड्यूटी बदलून. यंदा बिराच्या फोटोला हार घालून झाले आणि मी भाषणाला उभा राहिलो. बिराची आई, आमची आक्का, पुढेच बसली होती.

"सुभेदार, भाषन ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाली. "माजं लेकरू कसं वरडलं तेवडं सांगा."

मी हाळी घातली. पुन्हा खोकलाच. गाव हसलं.

"तसं न्हाई वं," आक्का म्हणाली. ती काठी टेकत उठली, पदर सारखा केला आणि माळाकडे तोंड करून हाळी घातली. हुबेहूब तीच. पोराला ती कुणी शिकवली, ते इतक्या वर्षांनी मला कळलं.

मग वळून ती आमच्याकडे बघत राहिली, वाट बघत.

त्या माथ्यावरून आणि त्या धुक्यातून जिवंत परतलेले आम्ही सगळे पिकल्या मिशांचे गडी तिच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिलो आणि एका दमात ओरडलो, "बॅऽऽ!"