वगळलेले निकाल

"वरचा नको रं बाला, तलाचा दाखव."

दिघीच्या जेट्टीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मासळीची रिकामी पाटी दाराबाहेर टेकवून मावशी आत यायची आणि कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधीच हे सुनावायची. इंटरनेटवर काही शोधलं की तुमचं-आमचं पहिल्या दोन-चार ओळींत भागतं. मावशीला शेवटचं पान लागायचं.

"मावशी, आपण विचारतो त्याच्याशी सगळ्यात जुळणारं असतं तेच वर येतं," मी समजावलं.

"मी पन पाटी लावतंय. वर ठेवतात तो गिऱ्हाइकाला दाखवाया. खरा काय हाय तो खाली असतो."

हे खरंच होतं. तिच्या पाटीतले तळाचे बांगडे आम्ही सगळ्यांनीच मुकाट्याने खाल्ले होते.

ती शोधत होती तिच्या मुलाला. आखातात मालवाहू बोटीवर कामाला होता. बोट बुडाली, आणि तो सापडला नाही. पहिल्याच दिवशी सर्वांत वर हीच बातमी आली. बेपत्ता माणसांत त्याचं नाव होतं. मी वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली.

"हा झाला वरचा. आता खाली बघ."

भावकी तिच्यामागे लागली होती, देह मिळाला नाही तरी पोराचे दिवस घालून टाक म्हणून. तिने साफ नकार दिला होता. पोर जिवंत असताना दिवस कसले?

खाली त्याच नावाचे शिंपी निघायचे, सरपंच निघायचे, कबड्डीपटू निघायचे. मावशी प्रत्येकाचा चेहरा निरखून बघायची. शेवटी एकदा मी शोध आवळला. पूर्ण नाव, सोबत बोटीचं नाव, आणि फक्त गेल्या वर्षातलं. निकालांचा लाखांतला आकडा झरझर उतरला तशी ती घाबरली.

"येवढी मानसा काढलीस, त्यात तो असला तं?"

 जेमतेम एक पान उरलं होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी वाचली: मिळतेजुळते काही निकाल वगळले आहेत.

"वगललेली कुठं हायत?"

"इथे दाबलं की येतात."

"मग दाब की."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही आशा वाटली. दाबलं. निकाल आले. निरनिराळ्या पेपरांत तीच बातमी, एकाने दुसऱ्याची शब्दन् शब्द उचललेली. नावंही तीच. मी एकेक वाचत गेलो, ती ऐकत राहिली.

"आनखी खाली?"

"खाली काही न्हाय, मावशी."

 मग कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून तिने माझ्यापुढे धरला. बोटीच्या कठड्याला टेकून पोरगा हसत होता.

"यो मोठा करून दे," ती म्हणाली. "हाराला जागा सोड."