लवूबुवांचा गजर

लवूला आता कुणी गायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणतो. साफ खोटं. मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहतो. नळाचं पाणी गेलं की हा माणूस जे ओरडतो, ते खाली लालबागच्या नाक्यावर ऐकू जातं. घशाला काहीही झालेलं नाही. झालं ते वेगळंच, आणि ते सांगताना माझं डोकं अजून तापतं.

लवू म्हणजे डबलबारीचा बुवा. हल्ली आमच्याच चाळीतल्या पोरांना डबलबारी ठाऊक नसते, म्हणून सांगतो. दोन भजनी बुवा आमनेसामने बसतात. एकाने आपली बारी गायची आणि गाता गाता समोरच्याला सवाल टाकायचा. समोरच्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर द्यायचं, तेही गाण्यातच. मधे मधे गजर, म्हणजे बुवाने उंच सुरात हाळी द्यायची आणि झांजांच्या कल्लोळात सगळ्यांनी ती उचलायची. कोकणातून गिरणीत आलेल्या आमच्या लोकांचा हा जीव की प्राण. लवू आठवडाभर साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, उभा राहायचा आणि सुट्टी आली की बारीला बसायचा. मागे झांज वाजवायला मी. गिरणी बंद पडली, लवू एका हपिसात लिफ्टवर लागला, पण पेटी सुटली नाही.

त्याच्या तोडीचा एकच बुवा होता, परळचा रामजी. दोघं स्टेजवर एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि खाली उतरून एकाच ताटात वडे खायचे. शेवटच्या बारीत लवूने रामजीला स्वतः रचलेला सवाल टाकला होता:

विणली ज्याने चादर जन्मभर,
त्याच्या अंगावर कुणाची चादर?
सांग बुवा, दे उत्तर.

रामजी हसला. म्हणाला, "लवू, ह्याचा उत्तर फुडच्या बारीक देतंय." पुढची बारी झालीच नाही. रामजी गावी गेला आणि तिकडेच वारला. आता आमच्यात एक दंडक होता. सवाल टाकणाऱ्याकडे उत्तर हवंच, नाहीतर ती लबाडी. पण समोरच्याने हात घातल्याशिवाय ते फोडायचं नाही. म्हणून लवूने ते उत्तर मलासुद्धा कधी सांगितलं नाही. रामजी गेल्यावर मंडळांची बोलावणीही थांबली. नव्या बुवांना समोर नवे बुवा हवे होते. लवूची एवढीच इच्छा उरली, की कुणीतरी तो सवाल उचलावा आणि एकदा बारी उभी राहावी.

अशात श्रेयाचा व्हिडिओ आला. श्रेया म्हणजे लवूच्या मुलीची मुलगी, लवूच्याच खोलीत वाढलेली. दादरच्या एका कॉलेजात ती असलंच काहीतरी शिकते. शेवटच्या वर्षाला त्यांना एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता. नुसता करून भागत नव्हतं. तो लोकांना दाखवायचा, लोक काय म्हणतात ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे बदलून पुन्हा द्यायचा. त्या बदलण्याला निम्मे मार्क होते.

"आजोबा, आपण तुमचा गजर घेऊया," ती म्हणाली.

"सवालासकट?"

"हो, अख्खा. फोनवर टाकला की कुठेही दिसतो. गावाला पण बघतील लोक."

लवू माझ्याकडे वळला. "नाना, त्यातलो एक तरी बुवा असतलो मां?"

"असतलो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

श्रेयाच्या वर्गातला सम्यक कॅमेरा घेऊन आला. पोरगा गुणी होता, ढोलकीचा ठेका पेटीखाली कसा बसवायचा ते त्याला बरोबर कळायचं. त्याने लवूला रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडक्यांवर बसवून गायला लावलं. मग कफ परेडच्या मच्छीमार नगरात नेलं. तिथे बोंबील वाळत घातले होते. "ह्यांच्या समोर देवाचा नाव घेव काय मेल्या?" म्हणून लवू आधी भडकला, आणि शॉट लावेपर्यंत शेल्यासकट जाऊन बोंबलांचा भाव करून आला. इतका खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. शेवटी कॅमेऱ्यात बघून त्याने सवाल टाकला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रामजी समोर बसलाय असंच वाटलं.

व्हिडिओला नाव दिलं 'गजर'. तिथेच माती खाल्ली.

लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली. श्रेया म्हणाली, "आजोबा, ह्या कमेंट्स. आता आपल्याला ह्यांना उत्तर द्यायचंय." झालं. उत्तर द्यायचं म्हटल्यावर लवूला दुसरं काय कळणार? तो मांडी ठोकून बसला, पेटी पुढे ओढली आणि म्हणाला, "वाच. एकेकाचो सवाल वाच."

एकाने लिहिलं होतं, 'गजर नाव आहे, मग घड्याळ कुठंय?' तुम्हीआम्ही ओळखलं असतं, की ह्या शहाण्याला गजर म्हणजे सकाळी वाजतो तेवढाच माहीत. लवूला वाटलं, हा कुणीतरी मुरलेला बुवा आहे आणि कूट घालतोय. दुपारभर तो गॅलरीत येरझारा घालत होता. संध्याकाळी त्याने श्रेयाला उत्तर लिहून घ्यायला लावलं:

घड्याळ माझे उरात टिकटिके,
चावी त्याची वर,
थांबेल तेव्हा तूच सांग मज,
कोण करी गजर?

मला विचाराल तर उत्तर झकास होतं. रामजीने मान डोलावली असती. त्या माणसाने परत फक्त हसणारी पिवळी तोंडं पाठवली. त्याच्याखाली दुसऱ्याने, त्याच्याखाली तिसऱ्याने.

"ही तोंडा काय सांगतत?" लवूने विचारलं.

"आवडलं म्हणतायत, आजोबा."

"मग जबाब कित्याक देत नाय?"

श्रेयाने पुढची कमेंट वाचायला घेतली. लवूने तरी हार मानली नाही. 'आजोबा झोपा आता' असं कुणी लिहिलं, तर त्यालाही ओव्या. 'मधे बोअर होतं' लिहिलं, तर त्यालाही. पोरगी बिचारी सगळं टाईप करायची. लवूची उत्तरं लांबत गेली आणि खाली हसणारी तोंडं वाढत गेली. चादरीच्या सवालाला मात्र कुणी हातसुद्धा लावला नाही. लवू रोज विचारायचा आणि श्रेया रोज नुसती मान हलवायची.

मग कॉलेजात तो व्हिडिओ पडद्यावर दाखवला. वर्गातल्या पोरांचं आणि मॅडमचं म्हणणं एकच पडलं. सुरुवातीची हाळी भारी आहे, पण सवाल आला की लोक बघायचं सोडून जातात. तो काढा. आणि घड्याळाचं एवढे लोक म्हणतायत, तर घड्याळ दाखवा की.

श्रेयाने तेच केलं. नव्या व्हिडिओत एक पोरगा ढाराढूर झोपलेला. उशाशी घड्याळ. घड्याळाचा काटा पुढे सरकतो आणि आत लवूचं उघडं तोंड दिसतं: "हेऽऽऽ!" पोरगा पलंगावरून खाली. पुन्हा पलंगावर, पुन्हा "हेऽऽऽ!", पुन्हा खाली. खालून सम्यकचा ठेका. बस, संपलं. ना पेटी, ना शब्द.

लवूने शेवटपर्यंत बघितलं. मग विचारलं, "सवाल खय गेलो?"

"आजोबा, लोक तिथे थांबतच नाहीत. मी काय करू? मार्क त्याचेच आहेत." तिने फोन बाजूला ठेवला. "नंतर अख्खा करू आपण. नक्की."

मला पोरीचा राग आला. अजूनही आहे. तिचं कुठे चुकलं ते मला नीट सांगता येत नाही, पण म्हणून राग जात नाही.

तो व्हिडिओ मात्र तुफान चालला. श्रेयाचं कौतुक झालं, वर्गात पहिली आली. लोकांनी ती हाळी आपापल्या फोनमध्ये सकाळच्या गजराला लावली. आमच्या चाळीतही लावली. सकाळी मी दात घासत गॅलरीत उभा होतो, तर ह्या खोलीतून "हेऽऽऽ", त्या खोलीतून "हेऽऽऽ", खालून, वरून, सगळीकडून लवू. आणि प्रत्येक "हेऽऽऽ" मधेच तुटत होती, कारण आत कुणीतरी पांघरुणातून बोट लांब करून ती बंद करत होतं. लवू माझ्या बाजूलाच उभा होता. कडीचा तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. अख्खी चाळ त्याला एकेक करून गप्प करत होती आणि तो ऐकत होता.

त्या दिवसापासून घसा बसला.

परवा दुपारी मी त्याच्याकडे बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन वाजला. मीच घेतला आणि त्यालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. गावाकडच्या एका मंडळाचा पोरगा होता. जत्रेत डबलबारी ठेवलीय, म्हणाला, आणि लवूबुवांना न्यायचंय. लवू ताडकन उठून बसला. घसा बसल्यापासून पहिल्यांदाच त्याचे हात आपोआप पेटी शोधायला लागले.

"समोर बुवा कोण?" मी विचारलं.

"नाय ओ, बारी नाय. बारीचे दोन बुवा ठरलेत. ह्यांनी मधे स्टेजवर यायचं, झोपलेल्या पोराच्या कानात ते 'हेऽऽऽ' करायचं आणि जायचं. पब्लिकला तेच पायजे ना. जरा देता काय त्यांच्याकडे?"

मी फोन बंद करणार होतो. लवूने हात पुढे करून तो माझ्याकडून घेतला.

"लवूबुवा घरात नाय," तो म्हणाला.

"मग कधी येतील?"

"आता येवचे नाय."